हेगेबाइंटमची पांढर : नेदरलँडमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गणपतीचा हॉल आणि वर्गणी मार्गी लागली, की आपल्याकडे पुढचा विषय निघतो तो सहलीचा. या देशात आल्यापासून मी अशा बऱ्याच सहलींना आलो आहे. क्युकेनहॉफची फुलं पाहिली, झान्से स्कान्सच्या पवनचक्क्या पाहिल्या, गिटहोर्नला कालव्याकाठी बसून पुरी-भाजीचे डबे खाल्ले. त्या दिवसांचा आनंद खरा होता. पण लेउवार्डनला राहायला आल्यापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. ती तुमच्यापुढे मांडायला हे पत्र लिहितो आहे. यंदा एक बस उत्तरेला न्या, फ्रिसलँड प्रांतातल्या हेगेबाइंटम नावाच्या गावी.

वस्ती शंभराच्या आत. एक चर्च, थोडी घरं, आजूबाजूला शेतं आणि गुरं. एवढ्यासाठी आम्स्टरडॅमहून किंवा आइंडहोफनहून इतक्या लांब यायचं का, हा प्रश्न कार्यकारिणीत येणारच. त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

फ्रिसलँडच्या स्वतःच्या फ्रिसियन भाषेत ‘हेगे’ म्हणजे उंच. नावाच्या शेवटी जो ‘उम’ आहे तो ‘हेम’ म्हणजे घर, वस्ती या शब्दाचा झिजलेला अवशेष. फ्रिसलँडच्या नकाशावर असे ‘उम’ शेकड्यांनी सापडतील, आपल्याकडे ‘गाव’ आणि ‘वाडी’ सापडतात तसेच. हेगेबाइंटमची उंची समुद्रसपाटीपासून ८.८० मीटर. सह्याद्री चढलेल्या माणसाला हा आकडा काहीच वाटणार नाही. पण या गावाखाली खडक नाही, डोंगर नाही, वाळूची टेकडीही नाही. हे सगळं माणसांनी हातांनी रचलेलं आहे, आणि संपूर्ण नेदरलँडमध्ये अशी दुसरी एवढी उंच रचना नाही. अशा टेकडीला इथे ‘टेर्प’ म्हणतात. शेजारच्या ग्रोनिंगन प्रांतात तिलाच ‘विर्डे’ म्हणतात.

आपल्या भाषेत मात्र तिच्यासाठी फार जुना शब्द आहे : पांढर. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्या आजी-आजोबांना शिकवावं लागत नव्हतं. चुलीतली राख, शेणामुताचा थर, पडलेल्या भिंतींची माती, फुटकी मडकी, हाडं, भुसा हे सगळं एकाच जागी शतकानुशतकं साठत गेलं, की जमीनच वर येते आणि त्या उंचवट्यावर पुन्हा घरं बांधली जातात. टेर्प म्हणजे हेच. फरक इतकाच, की आपल्याकडे ती आपोआप वाढली आणि इथे माणसांनी ती जाणूनबुजून वाढवली. न वाढवली असती तर बुडाले असते.

इथे आपल्या मुलांच्या डोक्यातला एक गैरसमज काढायला हवा. शाळेत ऐकलेलं असतं, की डच लोकांनी बांध घातले, पवनचक्क्यांनी पाणी उपसलं आणि समुद्रातून जमीन काढली. ते खरंच आहे, पण तो या गोष्टीचा उत्तरार्ध आहे. फ्रिसलँडच्या किनाऱ्यावर माणूस राहायला आला तो ख्रिस्तपूर्व सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास, आणि बांध घालायला सुरुवात झाली ती इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या आसपास. म्हणजे मधली दीड हजार वर्षं इथल्या लोकांनी समुद्राला अडवलंच नाही. त्यांनी स्वतःच्या पायाखालची जमीन उंच केली.

का आले असतील अशा जागी? कारण गवत. भरतीच्या गाळानं तयार झालेली ही खारी कुरणं गुरामेंढरांना मानवणारी होती. आतल्या भागातल्या वाळूच्या जमिनीपेक्षा ती कितीतरी सकस होती. उन्हाळ्यात वादळी भरती क्वचित येते, तेवढ्यात सातू, जवस, घोडेघेवडा पिकवून घ्यायचा. हिवाळ्यात गुरं टेकडीवर आणायची. पाणी चढायचं, उतरायचं. पुढच्या वर्षी गवताच्या मुळांसकट चिकणमातीची ढेकळं कापून आणून टेकडीवर रचायची, त्यावर शेण पसरायचं, त्यावर पुन्हा ढेकळं. अनेक टेर्पवर मध्यभागी पावसाचं गोडं पाणी साठवायला तळं असे. चारी बाजूंनी समुद्र असला तरी तो प्यायच्या उपयोगाचा नाही, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

रोमन लेखक थोरला प्लिनी पहिल्या शतकात या किनाऱ्यावर येऊन गेला. फ्रिसियनांच्या पूर्वेकडचे शेजारी असलेल्या चॉकी लोकांबद्दल त्यानं लिहून ठेवलं आहे. समुद्र दिवसातून दोनदा आत येतो, ही माणसं हातांनी रचलेल्या उंचवट्यांवर झोपड्या बांधून राहतात, भरतीला ती जहाजावरच्या खलाशांसारखी दिसतात आणि ओहोटीला फुटलेल्या जहाजावरून वाचलेल्यांसारखी. हातांनी चिखल गोळा करून तो वाळवतात आणि त्यावर अन्न शिजवतात. पिण्यासाठी घरासमोरच्या खड्ड्यात साठवलेलं पावसाचं पाणी तेवढं. प्लिनीला त्यांची कीव आली होती. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला कीव वाटली नाही. चिखलाची ढेकळं वाळवून चूल पेटवणारी माणसं, आणि शेणाच्या गोवऱ्या थापणारी माझी आजी, यांच्यात मला फार अंतर दिसलं नाही.

बस लेउवार्डनहून निघाली की एन ३५७ या रस्त्यानं स्टीन्स, हालुम, मारुम, फेर्वर्ट अशी गावं लागतात. पुढे हाच रस्ता होल्वर्टला जातो, जिथून अमेलँड बेटाची बोट सुटते. तुमच्यापैकी कितीतरी जण उन्हाळ्यात अमेलँडला जाताना याच रस्त्यानं गेले असाल. मुलांना खिडकीतून बघायला सांगा : गावं किनाऱ्याला समांतर अशी माळेत ओवल्यासारखी आहेत. समुद्रानं गाळ टाकून किनाऱ्यालगत जो उंचसर पट्टा तयार केला होता, त्यावरच आधी वस्त्या झाल्या. रस्ता आजही त्याच पट्ट्याला धरून जातो.

आणि डाव्या हाताला, पश्चिमेकडे, जी सपाट, मोठमोठ्या शेतांची जमीन दिसते, तिथे मध्ययुगात समुद्र होता. मिडलझे नावाची खाडी लेउवार्डनच्याही पुढे आत गेली होती आणि फ्रिसलँडचे दोन भाग करत होती : पूर्वेला ओस्टरगो, पश्चिमेला वेस्टरगो. आज समुद्राचं नावनिशाण नसलेलं लेउवार्डन या खाडीच्या काठावर वसलं होतं. खाडी हळूहळू गाळानं भरत गेली, आणि १५०५ पासून तिच्या मुखाशी बांध घालून ‘हेट बिल्ट’ नावाचा प्रदेश शेतीखाली आणला गेला. तिथे हॉलंड या पश्चिमेकडच्या प्रांतातून आणलेले शेतकरी बसवले, म्हणून तिथली बोली आजही आजूबाजूच्या फ्रिसियनपेक्षा वेगळी आहे. एका बाजूला माणसांनी ढेकळं रचून उभी केलेली गावं, दुसऱ्या बाजूला बांध घालून मिळवलेली जमीन, आणि मधून आपली बस. भूगोलाचा इतका चांगला तास मला शाळेत कधी मिळाला नव्हता.

बांध आले तशी टेर्प वाढवायची गरज संपली. त्याऐवजी बांध राखणं ही प्रत्येकाची जबाबदारी झाली. ‘जो बांध घालणार नाही त्यानं निघून जावं’ अशा अर्थाची म्हण या सगळ्या किनाऱ्यावर आहे, आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. आपल्या वाट्याचा बांध राखणं ज्याला झेपेना, त्यानं बांधात फावडं रोवायचं. जो ते उपटेल त्याची जमीन आणि त्याचीच जबाबदारी. गोव्यातल्या खाजण शेतीचे (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीचे) बांध आणि मानशी म्हणजे पाण्याची दारं सांभाळणारी गावकरी पद्धत ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना या कायद्यातली निकड लगेच उमगेल.

तरीही समुद्र संपला असं इथे कुणी मानत नाही. २००६ च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला वादळात बांधाबाहेरच्या कुरणांवर पाणी चढलं. मारुमजवळ चरायला सोडलेले शंभराहून अधिक घोडे एका लहानशा उंचवट्यावर दाटीवाटीनं अडकले. काही बुडाले. उरलेले दोन-तीन दिवस थंडीत, चारी बाजूंनी पाण्यात उभे होते. शेवटी ३ नोव्हेंबरला काही स्त्रिया आपापल्या घोड्यांवर बसून पाण्यातून तिथवर गेल्या, आणि त्यांच्या घोड्यांमागोमाग अडकलेला सगळा कळप पाणी तुडवत बांधाकडे आला. जगभर ती चित्रं दाखवली गेली. मला मात्र त्या चित्रांत घोड्यांपेक्षा त्यांच्या पायाखालचा तो मूठभर उंचवटा दिसत राहतो. हेगेबाइंटम तिथून काही किलोमीटरवर आहे. दीड हजार वर्षं इथली माणसं अशाच एका तुकड्यावर उभी राहत आली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, त्याकडे येतो.

तुम्ही टेकडीपाशी पोचलात की ती पूर्ण गोल दिसणार नाही. बऱ्याच बाजूनं ती कापलेली आहे. चर्च आणि त्याभोवतीचं कब्रस्तान एका उरलेल्या तुकड्यावर उभं आहे, आणि त्याच्या कडेनं जमीन एकदम खाली उतरते. हे समुद्रानं केलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून टेर्पची माती खत म्हणून विकली जाऊ लागली. शतकानुशतकांचं शेण, हाडं आणि राख मुरलेली ती माती फॉस्फेट आणि चुन्यानं भरलेली होती, आणि पूर्वेकडच्या व दक्षिणेकडच्या वाळूच्या, पीटच्या निकस जमिनींना तिची फार भूक होती. टेकडीपर्यंत कालवा खणायचा, रूळ टाकून त्यावरून वाघिणी ढकलायच्या, माती होड्यांमध्ये भरायची. ‘स्कुचे’ नावाच्या सपाट बुडाच्या शिडाच्या होड्या ही माती वाहत असत. आज उन्हाळ्यात त्याच होड्यांच्या शर्यती बघायला हजारो लोक जमतात. खणणाऱ्यांना मजुरी मिळाली, मालकांना पैसा मिळाला, कित्येक ठिकाणी चर्चच्या मालकीची जमीन विकून चर्चचीच डागडुजी झाली. शेकडो टेर्प अशा थोड्या किंवा पूर्ण नाहीशा झाल्या. हेगेबाइंटमची पाळी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली.

त्या खोदकामात माणसं निघाली. पाचव्या ते आठव्या शतकादरम्यानची दफनभूमी तिथे होती. काहींना जाळून त्यांच्या अस्थी मडक्यात ठेवल्या होत्या, काहींना तसंच पुरलं होतं. लेउवार्डनच्या फ्रीस म्युझियममधले पीटर बूलेस मजुरांच्या कुदळीमागे धावत होते, जे हाती लागेल ते नोंदवत होते आणि वाचवत होते. शास्त्रीय उत्खनन करायची सोय तिथे नव्हतीच, कारण मालाच्या होड्या थांबणार नव्हत्या. टेर्पच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन झाली ती १९१६ मध्ये. तोवर कितीतरी गावांचा इतिहास शेजारच्या ड्रेंथ प्रांतातल्या बटाट्याच्या शेतांत पसरून झाला होता.

मी त्या कडेवर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण हे मी लहानपणी पाहिलं होतं. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं. गावाबाहेर एक जुनी पांढर होती. उन्हाळ्यात पेरणीच्या आधी आजोबा बैलगाडी घेऊन जात, तिथली भुसभुशीत माती खोऱ्यानं भरत आणि आमच्या शेतात पसरत. ‘पांढरीच्या मातीला तोड नाही,’ असं ते म्हणत, आणि पीक खरंच चांगलं येई. मातीत खापरं यायची, काळ्या नक्षीची तांबडी खापरं. आम्ही पोरं ती गोळा करून लगोरी खेळायचो. त्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून पुढे कित्येक वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं, जळके सातूचे दाणे, असं सगळं तिथे निघालं. आमच्या पांढरीत काय होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. ती आम्ही खाऊन टाकली.

आजोबांचा मला राग नाही. त्यांना चार एकरांत सात माणसं जगवायची होती. हेगेबाइंटमच्या मजुरांनाही पोटच होतं. पण मला वाटतं, आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या गावात अशी एक पांढर आहे किंवा होती, आणि ती कुठं गेली हे आपण कधी विचारलं नाही. ते विचारायची बुद्धी मला या परक्या देशातल्या कापलेल्या टेकडीनं दिली. आपल्या मुलांना तरी ती लवकर मिळावी.

टेकडीवरचं चर्च बाराव्या शतकातलं आहे. त्याच्या भिंती नीट बघा. फ्रिसलँडमध्ये बांधकामाचा दगड मिळत नाही. जुन्या भिंतींतला हा सच्छिद्र दगड जर्मनीतल्या आयफेल भागातल्या ज्वालामुखींच्या राखेपासून बनलेला आहे, आणि तो ऱ्हाइन नदीतून होड्यांनी इथवर आणला गेला. काळ्या पाषाणावर वाढलेल्या आपल्याला दगड विकत आणावा लागतो ही कल्पनाच करवत नाही. पुढे मठांमधल्या साधूंनी विटा भाजायला सुरुवात केली आणि ही आयात हळूहळू थांबली.

आत गेलात की भिंतींवर १६ लाकडी शोकफलक दिसतील. टेकडीखालच्या हार्स्टा स्टाटे या वाड्यात राहिलेल्या घराण्यांतलं कुणी गेलं, की त्याचं कुलचिन्ह असलेला कोरीव, रंगवलेला फलक चर्चमध्ये लागत असे. वाळूचं घड्याळ, कवटी, उलटी मशाल. नेदरलँडमध्ये १७९५ मध्ये झालेल्या क्रांतीनंतर सरदार घराण्यांची अशी चिन्हं ठिकठिकाणच्या चर्चमधून काढून टाकली गेली, फोडली गेली. त्यामुळे एका छोट्या गावात एकत्र इतके फलक बघायला मिळणं दुर्मीळ आहे. मला स्वतःला त्या फलकांपेक्षा बाहेरचं कब्रस्तान जास्त जवळचं वाटतं, पण मुलांना कवट्या आवडतील.

मराठी शाळांच्या शिक्षकांना एक वेगळी विनंती. तिथे जाण्याआधी मुलांना फ्रिसियन भाषेबद्दल सांगा. ही डचची बोली नाही. ती स्वतंत्र भाषा आहे, नेदरलँडची दुसरी अधिकृत भाषा. १९५१ मध्ये लेउवार्डनच्या न्यायालयात फ्रिसियन बोलू दिलं जात नव्हतं. त्यावर टीका करणारा पत्रकार आणि कवी फेडे स्खुरेर याच्यावर खटला चालला, आणि १६ नोव्हेंबरला न्यायालयाबाहेर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी दांडके चालवले. तो दिवस ‘दांडक्यांचा शुक्रवार’ म्हणून ओळखला जातो. १९५६ मध्ये न्यायालयात फ्रिसियन वापरण्याची कायदेशीर मुभा मिळाली, १९८० पासून ती प्रांतातल्या प्राथमिक शाळांत सक्तीचा विषय झाली. गावाच्या पाटीवर ‘होखेबाइंटम’ या डच नावाऐवजी ‘हेगेबाइंटम’ लिहिलेलं दिसेल, त्यामागे ही सगळी धडपड आहे. घरी मराठी, शाळेत डच आणि खेळताना इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळेल. माझ्या शेजारच्या फ्रिसियन आजोबांनी माझ्या मुलीला पहिल्यांदा ‘गोइये’ म्हणून हाक मारली, आणि तिनं त्यांना ‘नमस्कार’ शिकवला. तेव्हापासून दोघं एकमेकांना रोज तसंच म्हणतात.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. टेकडीच्या पायथ्याशी माहिती केंद्र आहे. आधी कळवून जा म्हणजे मार्गदर्शक मिळेल, चर्चही आतून बघता येईल, आणि चार पैसे गावाकडे जातील. पन्नास माणसं एकदम वर चढवू नका, दोन गट करा. गाणी, अंताक्षरी, स्पीकर हे सगळं बसमध्ये. वर कब्रस्तान आहे आणि तिथे आजही लोक आपल्या माणसांना भेटायला येतात. उतारावरून मुलं धावतील, त्यांना अडवू नका, फक्त थडग्यांपासून लांब ठेवा. दुपारी बस बांधापर्यंत न्या. बांधावर मेंढ्या चरत असतात, त्यापलीकडे खारी कुरणं आणि वाडन समुद्र. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं, की मुलं समुद्र कुठं गेला म्हणून विचारतील. तिथं बसवून त्यांना प्लिनीची गोष्ट सांगा.

मे महिन्याचा शेवटचा शनिवार मला सोयीचा वाटतो, कोकरं तोवर बांधावर आलेली असतात. तुमचं ठरलं की मी लेउवार्डन स्टेशनवर तुमच्या बसमध्ये चढेन. डबे घरूनच आणा. वर वारा फार असतो, छत्री टिकत नाही. मुलांच्या कानटोप्या घ्यायला विसरू नका.

आपला,
लेउवार्डनमधला एक मराठी रहिवासी